इंजिनाचं लुकण: लाखेपासून सिलिकॉनपर्यंत



आजची गोष्ट गाडीखाली पडणाऱ्या तेलाच्या डागाची आहे. घरापुढच्या ड्राइव्हवेवर एक काळा ठिपका दिसतो. आठवड्याने तो बशीएवढा होतो. मग आपण ऑटो पार्ट्सच्या दुकानात जातो आणि तिथे भिंतीवर नळ्यांची रांगच लागलेली असते. लाल, निळी, काळी, करडी, शिवाय झाकणाला ब्रश असलेली एक बाटली. प्रत्येकीवर लिहिलेलं असतं की ही गळती थांबवते. यातली घ्यायची कोणती?

इथे ब्रिटनमध्ये हा प्रश्न आता फक्त फरशी खराब होण्याचा राहिलेला नाही. मे २०१८ पासून एमओटी तपासणीत तेलगळतीचा नियम कडक झाला. पाच मिनिटांत जमिनीवर ७५ मिलिमीटरपेक्षा मोठं थारोळं जमलं, तर गाडी नापास होऊ शकते. आणि घाईने चुकीची नळी लावली, तर थेंबभर गळतीचं काम आख्ख्या इंजिनावर शेकू शकतं. ते कसं, हे पुढे येईलच.

दुकानातल्या त्या भिंतीकडे इतिहासाच्या नजरेने पाहिलं, तर निवड सोपी होते. त्यातला प्रत्येक पदार्थ वेगळ्या काळात, वेगळ्या प्रकारच्या फटीसाठी जन्माला आला. फट कोणती हे ओळखलं की नळी सापडते. म्हणून आज आपण या लुकणाचा इतिहास पाहू. लुकण हा आपला जुना शब्द. भांड्याची किंवा नळाची फट बुजवायला जे चिकट काही लावायचं, ते लुकण. इंग्रजीतल्या सीलंटसाठी मला तरी याहून चांगला शब्द सापडलेला नाही.

सुरुवात करू वाफेच्या इंजिनापासून, कारण गळतीचं दुखणं तिथूनच सुरू होतं. १७१२ साली डडलीजवळ थॉमस न्यूकमेनचं इंजिन खाणीतलं पाणी उपसू लागलं. त्याचं सिलिंडर ओबडधोबड होतं, दट्ट्या आणि भिंत यांच्यात चांगलीच फट राहायची. न्यूकमेनने दट्ट्याला चामड्याची चकती लावली आणि वरून पाण्याचा थर सोडला. पाणी फटीत बसायचं, काम भागायचं.

पुढे जेम्स वॉटने सुधारलेलं इंजिन आणलं. १७६९ साली त्याने पेटंट घेतलं. पण त्याच्या इंजिनात सिलिंडर सतत गरम ठेवणं हाच मुख्य मुद्दा होता, म्हणून वरून पाणी सोडता येईना. मग फट बुजवायची कशाने? वॉटने काय काय करून पाहिलं, ते ऐकलंत तर हसू येईल. बूच, तेलात भिजवलेल्या चिंध्या, पुठ्ठा, जुन्या टोप्या, आणि घोड्याची लीदसुद्धा! आपल्याकडे कणगीला शेणाने लिंपतात, तसाच हा प्रकार. पण वाफ काही अडेना.

उत्तर शेवटी लुकणातून आलं नाही. जॉन विल्किन्सन नावाच्या लोखंडाच्या कारखानदाराने तोफांच्या नळ्या कोरण्यासाठी १७७४ साली नवं यंत्र काढलं होतं. त्याच धर्तीच्या यंत्रावर त्याने वॉटसाठी सिलिंडर कोरून दिलं. वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने १७७६ मध्ये कौतुकाने लिहिलं की ५० इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही चूक नाही. शिलिंगच्या जाडीची चूक आज कोणताही कारखाना खपवून घेणार नाही. पण त्या वेळी फट एवढी कमी झाल्यावर तागाची दोरी आणि चरबी यांवर काम निभावलं.

आपल्या गोष्टीचा पहिला धडा इथेच मिळतो. लुकण हे फटीच्या मागे येतं. आधी पृष्ठभाग सपाट आणि स्वच्छ हवेत, उरलेली बारीक फट लुकणाने भरायची. मोठी फट लुकणावर ढकलली, की लीद लावली काय आणि महागडी नळी लावली काय, फळ एकच.

वाफेच्या नळ्यांचे जोड मात्र वेगळे. तिथे दोन सपाट तोंडं एकमेकांवर ठेवून बोल्टने आवळायची असत. त्यांच्या मध्ये जे लावत, ते तुमच्या ओळखीचं आहे. शिशाचा लाल ऑक्साइड, म्हणजेच आपला शेंदूर, आणि शिशाचा पांढरा सफेदा. हे अळशीच्या तेलात मळून त्याची लांबी करायची आणि जोडात भरायची. मारुतीला तेलात कालवून लावतात तोच हा शेंदूर. अळशीचं तेल हवेने हळूहळू घट्ट होतं आणि दगडासारखा थर तयार होतो. आपल्याकडे प्लंबर नळाच्या आट्यांवर धागा गुंडाळून सफेदा लावायचे, ती पद्धतही याच कुळातली. दोष दोन. शिसं विषारी. आणि एकदा सुकलं की जोड उघडणं महाकठीण.

मग पेट्रोलचं इंजिन आलं आणि प्रश्न बदलला. वाफेऐवजी आता तेल अडवायचं होतं. तेल पातळ होऊन केसाएवढ्या फटीतूनही झिरपतं. इंजिन तापतं, निवतं, थरथरतं. अळशीच्या लांबीचे तडे जाऊ लागले. इथे मदतीला आली ती आपल्या जंगलातली एक वस्तू. लाख.

लाख म्हणजे एका बारीक किड्याने झाडाच्या फांदीवर तयार केलेली राळ. पळस, बोर, कुसुम या झाडांवर हे किडे पोसले जातात. छोटा नागपूरचा पठारी भाग हे तिचं मोठं माहेरघर. १९२४ साली रांचीजवळ नामकुम इथे लाखेवर संशोधन करणारी संस्थाही उभी राहिली. आपल्याला लाख माहीत असते ती बांगड्यांमुळे, महाभारतातल्या लाक्षागृहामुळे, नाहीतर सोनाराच्या दुकानात. कोल्हापुरी साजाचे मणी आतून लाखेने भरलेले असतात, म्हणून दागिना मोडताना सोनार लाखेचं वजन वजा करतो. पोस्टाच्या पार्सलावर मोहोर उठायची तीही लाखेवरच.

शुद्ध करून पातळ पापडीच्या रूपात विकली जाणारी लाख म्हणजे शेलॅक. तिची एक गंमत आहे. ती स्पिरिटमध्ये विरघळते, पण खनिज तेलात आणि पेट्रोलमध्ये विरघळत नाही. इंजिन जोडणाऱ्याला याहून वेगळं काय हवं होतं? शेलॅक स्पिरिटमध्ये विरघळवायचं, ब्रशने कागदी गॅस्केटला पातळ हात मारायचा, जोड आवळायचा. स्पिरिट उडून जातं, मागे लाखेचा थर राहतो, आणि तेल त्याला काही करू शकत नाही. ब्रशवाल्या बाटल्यांची परंपरा तिथली. अमेरिकेत आजही 'इंडियन हेड' नावाचं गॅस्केट शेलॅक विकलं जातं. बाटलीवरचा चेहरा अमेरिकेतल्या मूळ रहिवाशाचा आहे, पण नावातलं शेलॅक मात्र मूळचं आपल्याकडचं!

रेडिओच्या श्रोत्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या आजी-आजोबांनी ऐकलेल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही याच शेलॅकपासून बनत. दुसऱ्या महायुद्धात लाखेची इतकी ओढाताण झाली की १९४२ साली अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठी शेलॅक वापरण्यावर मोठी कपात लादली.

लाखेचा दोष कोणता? ती सुकली की ठिसूळ होते. ज्या जोडाला हलायचं, थरथरायचं असतं, तिथे तिला बारीक चिरा पडतात. शिवाय उघडताना गॅस्केट धातूला चिकटून बसतं. ते पात्याने खरवडताना मऊ अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडला, तर तोच ओरखडा पुढच्या गळतीचा पाट होतो.

लुकणाच्या जोडीला गॅस्केटही बदलत गेलं. मिस्त्री लोक त्याला पॅकिंग म्हणतात. कागद, चामडं, बूच. टॅपेट कव्हरला बुचाचं गॅस्केट असायचं. बूच दाबलं की दबतं आणि फट भरतं, पण गळतंय म्हणून बोल्ट आणखी आवळले की ते चिरडून बाहेर येतं आणि गळती वाढते. हेडसाठी मात्र आगीत टिकणारं काहीतरी हवं होतं. तिथे तांब्याच्या पत्र्यांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस घालून गॅस्केट बनू लागलं. ते इतकं चांगलं काम करायचं की अनेक दशकं त्याला तोड नव्हती.

त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली. रॉचडेलच्या अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यात काम करणारी नेली कर्शॉ १९२४ साली वयाच्या ३३ व्या वर्षी वारली. तिच्या फुप्फुसांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू सापडले आणि डॉ. कुक यांनी ते वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. १९३१ साली ब्रिटनने कारखान्यांसाठी पहिले नियम केले. पण पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी यायला १९९९ साल उजाडलं. म्हणजे तिच्यानंतर ७५ वर्षं.

हे सांगण्याचं कारण फक्त इतिहासाचं नाही. आपल्यात जुन्या गाड्यांचे शौकीन आहेत. तुमच्या गॅरेजमध्ये बंदीच्या आधीची गाडी किंवा मोटरसायकल असेल, तर तिच्या जुन्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला. ते कोरडं खरवडू नका, तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने घासू नका, हवेच्या झोताने उडवू नका. ओलं करून सावकाश काढा, पिशवीत बंद करा आणि त्याची विल्हेवाट कशी लावायची ते कौन्सिलला विचारा. तेल फरशीवर सांडलं तर पुसता येतं, फुप्फुसात गेलेला तंतू पुसता येत नाही.

आता येऊ त्या गळतीकडे, जी कोणत्याच लुकणाने थांबत नाही. जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींवरचा विनोद तुम्ही ऐकला असेल: खाली तेल दिसत नसेल, तर आतलं तेल संपलं समजा! १९५५ पासून मद्रासमध्ये बुलेट बनू लागली आणि विनोदही तिच्याबरोबर आपल्याकडे आला.

विनोदामागे कारण होतं. या गाड्यांच्या क्रँककेसचे दोन भाग उभे कापलेले असत. म्हणजे जोडाची रेघ इंजिनाच्या तळापर्यंत, थेट तेलात उतरायची. शिवाय ब्रिटिश जोडसिलिंडर गाड्यांत दोन्ही पिस्टन एकदम वर आणि एकदम खाली जायचे. त्यामुळे आतली हवा भात्यासारखी दाबली जायची आणि मिळेल त्या फटीतून तेल बाहेर ढकलायची. होंडाने १९६९ साली बाजारात आणलेल्या ७५० मध्ये क्रँककेस आडवी कापलेली होती. जोडाची रेघ बरीच वर आली. कारखान्यातली यंत्रं नवी होती, त्यामुळे पृष्ठभागही काटेकोर होते. गळती बरीचशी आराखड्यातच थांबली.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं. इथल्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आपली अ‍ॅम्बॅसेडर बनली. १९५९ पासून तिच्यात बीएमसीचं १४८९ सीसीचं इंजिन बसू लागलं. त्याच घराण्याचं इंजिन इथल्या एमजीए या स्पोर्ट्स गाडीत होतं. या इंजिनाच्या मागच्या टोकाला, क्रँकशाफ्ट जिथून बाहेर पडतो तिथे, रबरी ऑइल सीलच नव्हतं. शाफ्टवर उलट्या आट्या कोरलेल्या होत्या. शाफ्ट फिरला की त्या आट्या तेल मागे आत खेचत. इंजिन बंद झालं की खेचणंही बंद, आणि मग थेंब-दोन थेंब खाली. नागपुरातल्या एखाद्या अंगणातला डाग आणि सरेमधल्या एखाद्या गॅरेजमधला डाग, दोन्ही एकाच आराखड्यातून आलेले. त्यावर कितीही लाल-निळं फासलं तरी उपयोग नव्हता. तिथे फट चुकून राहिलेली नव्हती, मुद्दाम ठेवलेली होती.

यातून दुसरा धडा. गळती दिसली की आधी कारण शोधा. आजच्या गाडीतही इंजिनाच्या आतला दाब बाहेर जाण्यासाठी ब्रीदरची नळी असते. ती काजळीने तुंबली की दाब वाढतो आणि चांगल्या गॅस्केटमधूनही तेल बाहेर पडतं. ब्रीदर साफ केल्याशिवाय गॅस्केट बदललं, तर महिन्याभरात पुन्हा तेच.

विसाव्या शतकाच्या मध्यावर लुकणाच्या जगात तीन नव्या गोष्टी आल्या. दुकानातल्या भिंतीवर आज दिसतं ते बहुतेक या तिघांचं घराणं.

पहिली, कधीच न सुकणारं लुकण. ब्रिटनमध्ये रोल्स-रॉईसच्या विमानांच्या इंजिनांसाठी हायलोमार नावाचा निळा चिकट पदार्थ तयार झाला. विमानाचं इंजिन वरचेवर उघडावं लागतं, तपासावं लागतं. लाखेने चिकटलेले जोड दर वेळी खरवडत बसणं परवडणारं नव्हतं. हे निळं लुकण चिकट आणि लवचिकच राहतं. जोड सहज उघडतो, जुना थर पुसून निघतो. पण ते अगदी पातळ फटीसाठी आहे. मोठी फट त्याने भरत नाही.

दुसरी, सिलिकॉन. याची मुळं नॉटिंगहॅमला आहेत. तिथले प्राध्यापक फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिलिकॉन हे नाव रूढ केलं. चाळीस-एक वर्षं त्यांनी या संयुगांवर काम केलं. त्यांना हवे असत ते सुबक स्फटिक, आणि हाती यायचा तो चिकट गोळा. १९३६ च्या एका मानाच्या व्याख्यानात त्यांनी सांगितलं की या शाखेत लवकर काही मोठी प्रगती होईल अशी आशा दिसत नाही. चारच वर्षांत अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये यूजीन रोशो यांनी ही संयुगं स्वस्तात बनवण्याची रीत शोधली. १९४३ साली डाऊ कॉर्निंग ही कंपनीही निघाली. तिचं सुरुवातीचं एक उत्पादन म्हणजे विमानाच्या इंजिनातला ओलावा अडवणारं लुकण. किपिंग यांना नकोसा झालेला चिकट गोळाच शेवटी कामी आला.

नळीतलं सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं आणि रबर बनतं. ते मोठी फट भरतं, ताणलं तरी तुटत नाही, उष्णता सोसतं. पत्र्याच्या चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीला, असंच लुकण हवं होतं, कारण पत्रा थोडा वाकडा असतो आणि थरथरतो. १९७० च्या दशकापासून गाडी कारखाने कापलेल्या गॅस्केटऐवजी थेट सिलिकॉनची रेघ ओढू लागले.

तिसरी गोष्ट सर्वांत चमत्कारिक. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ साली असा द्रव तयार केला, जो हवा असेपर्यंत पातळ राहतो आणि हवा तुटून धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतो. मूळ रसायन जनरल इलेक्ट्रिकला सापडलं होतं, पण ते साठवायला त्यातून सतत हवा सोडावी लागायची. क्रीबल यांनी तो प्रश्न सोडवला. पुढे हेच लॉकटाइट नावाने प्रसिद्ध झालं. त्याची बाटली अर्धीच भरलेली का असते, असं वाटत असेल तर फसवणूक समजू नका. वरची हवाच त्याला पातळ ठेवते.

भारतातल्या गॅरेजांत या सगळ्याला मिळून एकच नाव पडलं, अ‍ॅनाबॉन्ड. चेन्नईच्या एका कंपनीचं हे नाव, पण वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणायचो, तसं मिस्त्री कोणत्याही लुकणाला अ‍ॅनाबॉन्ड म्हणतो. बोलायला सोयीचं, निवडायला मात्र घातक. कारण या तिघांचे स्वभाव एकमेकांच्या उलट आहेत.

आता ते वचन पुरं करतो: चुकीची नळी इंजिन कसं खाते? समजा, चेंबर बसवताना भरपूर सिलिकॉन लावलं. बोल्ट आवळले की जेवढं बाहेर येतं तेवढंच आतही जातं. आत गेलेलं सिलिकॉन रबर होतं आणि शेवयांसारखं लोंबत राहतं. गरम तेलाच्या माऱ्याने एखादी शेवई तुटते आणि तेल खेचणाऱ्या पंपाच्या जाळीवर जाऊन बसते. अशा चार शेवया जमल्या की पंपाला तेल कमी पडतं, बेअरिंग कोरडं पडतं आणि इंजिन जाम होतं. बाहेरची गळती बंद झालेली असते, म्हणून मालक खूश असतो, आणि आत घात झालेला असतो. क्रीबल यांच्या लुकणाचं तसं नाही. जास्त झालेलं लुकण आत हवेच्या संपर्कात पातळच राहतं आणि तेलात मिसळून जातं. पण तेच लुकण पत्र्याच्या वाकड्या फटीत घट्ट होत नाही, आणि प्लॅस्टिकच्या जोडात तर त्याला धातूच मिळत नाही.

सिलिकॉनची आणखी एक खोड पुढे समजली. १९७६ च्या सुमारास व्होल्वोने अमेरिकेसाठीच्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर बसवला. पुढे तो सगळ्याच पेट्रोल गाड्यांत आला. काही सिलिकॉनमधून सुकताना निघणारी वाफ इंजिनात शिरते, जळते, आणि सेन्सरवर काचेसारखा थर चढवते. सेन्सर आंधळा होतो. म्हणून आज नळीवर 'सेन्सर सेफ' असं लिहिलेलं असतं. ते पाहूनच घ्या. न्हाणीघरासाठीचं सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो, ते इंजिनाला कधीच लावू नका. ते तेलात टिकत नाही आणि त्यातलं आम्ल धातूला गंज आणतं.

मग दुकानातल्या त्या भिंतीसमोर उभं राहून काय विचारायचं? नळीला नाही, जोडाला विचारायचं.

या जोडात फिरणारा शाफ्ट आहे का? असेल तर कोणतंच लुकण नको, ऑइल सील बदला. तेल काढायच्या बोल्टमधून गळतंय का? मग तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर नवा घाला.

या जोडात गाडी बनवणाऱ्याने रबरी गॅस्केट दिलेलं आहे का? मग ते कोरडंच बसवायचं. आजच्या बहुतेक टॅपेट कव्हरचं असंच असतं. फक्त जिथे तीन भाग एकत्र येतात त्या कोपऱ्यात सिलिकॉनचा छोटा ठिपका द्यायचा, तोही पुस्तिकेत सांगितला असेल तरच. हेड गॅस्केटला तर पुस्तिका सांगत नाही तोवर हातही लावायचा नाही.

दोन्ही बाजूंना जाड, सपाट, यंत्रावर घासलेला धातू आहे का? गिअरबॉक्सचे किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगचे जोड असे असतात. तिथे हवा तुटल्यावर घट्ट होणारं लुकण उत्तम.

पत्र्याचं चेंबर आहे आणि कारखान्यातूनच गॅस्केटशिवाय आलंय? तिथे इंजिन तेलासाठीचं, सेन्सर सेफ सिलिकॉन. साधारण ३ मिलिमीटरची एकसंध रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. वर साय धरायच्या आत भाग बसवायचा. मग थांबायचं. सिलिकॉन बाहेरून आत सुकत जातं, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. हिवाळ्यातल्या थंड, कोरड्या गॅरेजमध्ये त्याहून हळू. लगेच तेल ओतायची घाई नको.

जुनी गाडी आहे आणि जोडात कागदी गॅस्केट आहे? तिथे लाख किंवा न सुकणारं निळं लुकण, पातळ हात मारून. जोड पुन्हा उघडावा लागणार असेल तर निळं बरं. आणि पेट्रोल जिथून वाहतं तिथे साधं सिलिकॉन मुळीच नको. ते पेट्रोलने फुगतं.

हे सगळं करण्याआधी दोन कामं. इंजिन बाहेरून धुऊन, खाली स्वच्छ पुठ्ठा टाकून एक रात्र ठेवा. तेल वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे जिथे दिसतं तिथूनच ते गळत असतं असं नाही. सगळ्यात वरची ओली जागा शोधा. आणि दोन्ही पृष्ठभाग ओरखडे न पाडता स्वच्छ करून तेलाचा अंश पुसून काढा. तेलकट धातूवर कुठलंच लुकण धरत नाही.

वॉटने घोड्याची लीद लावून पाहिली, त्याला अडीचशे वर्षं झाली. तेव्हापासून फट भरायला किड्याची राळ आली, देवाचा शेंदूर आला, जीव घेणारा तंतू आला, प्राध्यापकांच्या चंचुपात्रातला गोळा आला. यातलं कोणतंच सगळ्या फटींसाठी नव्हतं, आजही नाही. तेव्हा पुढच्या शनिवारी दुकानात जायच्या आधी गाडीची पुस्तिका उघडा, तिच्यात तो जोड शोधा, आणि कागदावर लिहून न्या. गाडी स्वतः उघडणार नसाल, तरी गॅरेजवाल्याला एवढं जरूर विचारा: कुठला जोड, काय कारण, आणि तिथे काय लावणार आहात? या तीन प्रश्नांची सरळ उत्तरं देणारा मिस्त्री मिळाला, तर त्याला सोडू नका.

भेटूया पुढच्या भागात. तोवर नमस्कार.